माझी म्हणून सांगितलेली खोली

बुधवार, ५ मार्च

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दूध तापवून झालं होतं. अंथरुणं झटकली होती, कपडे पिळून दोरीवर गेले होते. वाटाणे सोलायला बसणार तेवढ्यात आठवलं की मोठी परात आतल्या खोलीत कपाटावर आहे. सकाळ रोजच्यासारखी होती, म्हणून मीही रोजच्यासारखी गेले आणि दार लोटलं. सून टेबलाशी बसली होती, पाठ माझ्याकडे. तिचं ते फोन ऐकायला कानाला लावायचं यंत्र त्या दिवशी बिघडलं होतं, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच ऐकू आलं की कुणीतरी पुरुषमाणूस हुंदके देतोय.

मी म्हणाले, "अगं, रडतंय कोण?"

हुंदके थांबले. फोन बंद झाला. सून मागे वळली नाही. मी परात घेऊन बाहेर आले आणि वाटाणे सोलले. सगळे सोलले.

तिचं काम फोनवर लोकांची दुःखं ऐकून घेण्याचं. ज्यांना घरी कुणाला सांगता येत नाही ते हिला सांगतात. पलीकडच्या माणसाला वाटलं पाहिजे की ऐकणारी एकटीच आहे. तो माणूस पुन्हा फोन करतो का म्हणून तिनं दोन दिवस वाट पाहिली, हे मला मुलाकडून कळलं. ऑफिसातल्या तिच्या वरच्या बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं जे झालं ते सांगून टाकलं. आता त्यांचं म्हणणं असं की एक एप्रिलपासून पूर्ण बंद खोली असेल तरच घरून काम करायचं, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला तरी देतील.

म्हणून मागच्या बागेत लाकडी खोली बांधायची ठरली आहे. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यामुळे नाही. तिला तशीही जागा लागणारच होती."

तशीही. माझं पोरगं खोटं बोलताना नेहमी हाच शब्द वापरतं.

जागा ठरली ती ह्यांच्या शेंगांच्या मांडवाची. हे गेल्यावर दोन वर्षांत मांडव नुसता काठ्यांचाच उरला होता. मुलगा विचारायला कचरत होता, म्हणून मीच काठ्या उपटायला घेतल्या. सून म्हणाली, "आई, राहू द्या, कोपऱ्यात बसवू ना खोली." मी म्हटलं, "काठ्यांना काय करायचंय." शेवटची काठी काही केल्या निघेना. ह्यांनी ती चांगलीच खोल ठोकली होती.

गुरुवार, ६ मार्च

आज मी खोटं बोलले. इथे लिहिते, कारण हे असते तर संध्याकाळी त्यांना सांगितलं असतं आणि ते "हं" म्हणून वर्तमानपत्र उलटवत राहिले असते. त्या "हं"नं अर्धं ओझं उतरायचं.

वाचनालयात गुरुवारी आम्ही बायका जमतो. एक पुस्तक घेऊन पाळीपाळीनं वाचतो. मास्तरीणबाई चालवतात. नोकरी संपली तरी खडू हातात असल्यासारखाच हात हलवतात. बाकीच्या सगळ्या शिकलेल्या. मी शाळेत गेलेच नाही. हे सकाळी टेबलाशी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचे आणि मी समोर बसून भाजी निवडायची. ऐकता ऐकता डोळा अक्षरावर जायचा. पण मी समोर, म्हणून मला सगळं उलटं दिसायचं. तशीच शिकले. अजूनही समोरच्याच्या हातातलं पुस्तक मला सरळ धरलेल्यापेक्षा भरभर वाचता येतं. एकदा माझं पान हरवलं तेव्हा मी मास्तरीणबाईंच्या पुस्तकातून पलीकडून वाचलं, तर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. वाईट हसल्या नाहीत. पण हसल्या.

आज मी अडखळत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "घरी सराव होत नाही वाटतं. तुम्हाला बसून वाचायला जागा तरी आहे का हो घरात? मुलगा-सून दोघं असतात ना?"

माझ्या तोंडून निघालं, "मुलगा मागच्या बागेत खोली बांधतोय. मला वाचायला."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "नशीब काढलंत." दुसरी म्हणाली, "आमचा मुलगा मला बागेत खोली बांधेल ती कुत्र्याच्या शेजारी." खूप हसलो. मीही हसले. वाचनालयात आल्यापासून मी एवढी हसले नव्हते.

घरी येताना दोनदा मागे वळावंसं वाटलं. पण म्हटलं, कोण येतंय बघायला.

शनिवार, ८ मार्च

मिस्त्री आला. पन्नाशीचा असेल. तोंडात खिळे आणि तरी बोलणं चालू. मला काकू म्हणतो. मुलगा उद्या बाहेरगावी जाणार. त्याच्या कंपनीची यंत्रं बसवायला दोन आठवडे लागतील. त्यामुळे त्यानं मिस्त्रीला सगळं आजच सांगून ठेवलं. टेबल उंच हवं, कारण बसून सुनेची पाठ दुखते, आता ती उभी राहून काम करणार. टेबलामागच्या भिंतीवर प्लग. भिंतीत जाड थर, आवाज आत-बाहेर जायला नको.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, आत बॉम्ब फुटला तरी काकूंना कळणार नाही."

हे सगळ्यांना विनोदी वाटलं. मी आत जाऊन चहा टाकला.

बुधवार, १२ मार्च

पाया झाला, सांगाडा उभा राहिला. मिस्त्री पाणसळ लावून बघतो, बुडबुडा मधे आला की स्वतःलाच शाबास म्हणतो. दिवसभर रंध्याचा आवाज. घरात कुणीतरी काम करतंय असं वाटतं. हे गेल्यापासून घरात हातानं काम करण्याचा आवाज नव्हता.

सून सध्या तिच्या झोपायच्या खोलीत दाराला आतून कडी लावून काम करते. फटीत टॉवेल खोचते. मी त्या बाजूला जातच नाही. न्हाणीघरात जायचं तरी बागेतून वळसा घालून जाते. मिस्त्री म्हणाला, "काकू, फेऱ्या मारताय की पहारा?"

शुक्रवार, १४ मार्च

बघायला आल्या.

मास्तरीणबाई आणि त्यांच्याबरोबर दोघी, दुपारी, फाटक ढकलून थेट मागे. सून आत कामात होती. मास्तरीणबाई सांगाड्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वा. उजेड इकडून येणार. खुर्ची इथे ठेवा, डावीकडून उजेड हवा वाचताना. आणि ही सगळी भिंत पुस्तकांना." हात हलवून भिंत दाखवली. मिस्त्री करवत थांबवून बघत राहिला.

मी मान हलवत होते. दुसरं काय करणार होते? खरं म्हणजे करता आलं असतं. "नाही, ही सुनेची आहे" एवढे शब्द काही फार नाहीत.

त्या गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "काकू, खोली तुमची होय? साहेब तर वहिनींचं ऑफिस म्हणाले."

मी म्हणाले, "दोघींचीच म्हणायची."

"मग टेबल एवढं उंच कशाला? तुम्ही उभ्या राहून थोड्याच वाचणार?"

"मी बसूनच वाचते," मी म्हणाले.

"आणि फळ्या?"

"फळ्या असल्या तर बरंच."

मी त्याला काही कर असं सांगितलं नाही. त्यानं विचारलं त्याचं उत्तर दिलं. दुपारपासून हे स्वतःला सांगतेय आणि प्रत्येक वेळी ते कमी खरं वाटतंय.

मंगळवार, १८ मार्च

फळ्या लागल्या. टेबल बसलं. टेबल माझ्या बसल्या कमरेला बरोबर येतं. मिस्त्रीनं मला खुर्चीत बसवून माप घेतलं होतं, शिंप्यासारखं. मी बसले, उठले, पुन्हा बसले, आणि एकदाही बोलले नाही.

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा मी पुस्तक घेऊन आत जाऊन बसले. लाकडाचा ओला वास. बाहेर चिमणी ओरडत होती ती आत लांबून ओरडल्यासारखी वाटत होती. मी मोठ्यानं वाचलं. एकटीनं मोठ्यानं वाचताना मी अडखळत नाही, हे मला माहीत नव्हतं. एक पान झालं, दुसरं झालं. वाटलं, समोर हे बसलेत आणि आता त्यांना उलटं दिसतंय.

सुखाचं असं काही बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. ते दुसऱ्याच्या खोलीत झालं, तेही लिहून ठेवते.

संध्याकाळी सून काम संपवून खोली बघायला गेली. बराच वेळ आली नाही. मी खिडकीतून बघत होते. ती टेबलापाशी वाकून उभी होती, मग फळ्यांवरून हात फिरवला. घरात आली आणि म्हणाली, "आई, फळ्या आवडल्या का तुम्हाला?"

टोमणा होता की काय, कळलं नाही. तिचा आवाज नेहमीच हळू असतो, कामाची सवय. मी म्हणाले, "मला काय आवडायचंय. तुझं ऑफिस."

ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "तो आला की बघू."

राग आला असणार. राग आला की तिचं तोंड असं शांत होतं.

शनिवार, २२ मार्च

मुलगा पहाटे आला, आंघोळ करून बागेत गेला आणि तिथूनच ओरडला.

मी ओट्यापाशी होते. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. मुलगा म्हणाला, "अहो मिस्त्री, हे काय आहे? मी उंच टेबल सांगितलं होतं. आणि प्लगवर फळ्या ठोकल्यात? प्लग कुठून लावायचे, छतातून?"

मिस्त्री म्हणाला, "फळ्या काढता येतात साहेब."

"काढता येतात म्हणजे? मागचा थर फाटणार नाही? तारा फळ्यांमागे गेल्यात. एक तारखेला तिचं काम सुरू व्हायचंय. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

मिस्त्रीनं खिडकीकडे बघितलं. मी तिथेच होते. माझ्या हातात भिजलेलं फडकं होतं आणि त्यातलं पाणी माझ्या पायावर पडत होतं. एक शब्द पुरला असता. मिस्त्रीनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं.

"माझ्याच डोक्यात गोंधळ झाला समजा," तो म्हणाला.

"गोंधळ. माणसाला ऐकू येतं की नाही? बरं, राहू द्या. आता मी दुसरा बघतो."

शेजारचे काका कुंपणापाशी उभे राहून बघत होते. त्यांच्यासमोर. मिस्त्रीनं हत्यारं पेटीत भरली. भरताना प्रत्येक हत्यार आधी पुसलं. मी फडकं पिळलं आणि ओटा पुसला. ओटा आधीच स्वच्छ होता.

मुलगा आत आला तेव्हा सून म्हणाली, "एवढं बोलायला नको होतंस. नीट विचारायचं होतं."

"विचारलं ना."

"ओरडून विचारलंस."

नंतर ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. माझ्यासमोर बसली. स्वतःसाठी आणला नव्हता, नुसतीच बसली. म्हणाली, "आई, काही सांगायचंय का?"

मी म्हणाले, "मीठ संपलंय."

ती उठून मीठ आणायला गेली.

रविवार, २३ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. मीठ डब्यात अर्धं होतं.

मंगळवार, २५ मार्च

मुलानं तीन सुतारांना विचारलं. दोघांना वेळ नाही. तिसरा बघून गेला आणि म्हणाला, दुसऱ्यानं बांधलेलं मी उलगडत नाही, सगळं पाडून पहिल्यापासून करू, महिनाभर लागेल. सून आज फोनवर तिच्या वरच्या बाईंशी बोलत होती. दार बंद होतं, पण मला तिच्या आवाजाचा चढउतार कळतो. "प्रयत्न करतोय" असं दोनदा म्हणाली.

ह्यापेक्षा मोठं दुसरं कळलं. शेजारच्या काकांचा जिना हाच मिस्त्री करणार होता. काकांनी त्याला नको म्हणून सांगितलं. भाजी घेताना शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "बरं झालं तुमच्याकडे आधी कळलं. आम्हाला वर चढायचा जिना तळघरात उतरता करून दिला असता त्यानं." आणि हसल्या.

मी टोमॅटो दाबून बघत राहिले. माझ्या बोटाखाली एक फुटला, तोही पिशवीत टाकला.

मी काही चोर नाही. आयुष्यात कुणाची वस्तू उचलली नाही. एवढं इथे लिहून पाहिलं, पण वाचल्यावर पटलं नाही. त्या माणसाचं चांगलं नाव मी उचललं आणि परत दिलं नाही.

हे असते तर काय म्हणाले असते? त्यांनी कुणाला बोल लावला नाही कधी. फक्त जेवताना बोलले नसते.

गुरुवार, २७ मार्च

आज वाचनालयात जायचं नव्हतं. पण घरी बसलं की खिडकीतून ती खोली दिसते, अर्धवट, दार न लावलेली. म्हणून गेले.

मास्तरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं की पुढच्या गुरुवारी बैठक माझ्या नव्या खोलीत. इथे जमायचं आणि एकत्र चालत जायचं. मी म्हणाले, खोली अजून अपुरी आहे. त्या म्हणाल्या, "आपण काय वास्तूचे परीक्षक आहोत? चटई टाकू." सगळ्या खूश. एकजण म्हणाली, "पहिलं पान तुम्हीच वाचायचं."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. बैठक संपतासंपता सून दारात उभी. माझी छत्री घेऊन आली होती. मला वाटलं जमीन फाटावी. कारण मास्तरीणबाई उठून तिच्याकडेच गेल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "सून असावी तर अशी. सासूला वाचायला खोली बांधून दिलीत. आम्ही इथे दर वेळी तुमचंच कौतुक करतो."

सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या. मीही बघत होते. मी तिच्या तोंडातून येणाऱ्या शब्दाची वाट बघत होते आणि मनात म्हणत होते, आता सुटले.

सून म्हणाली, "त्यांना वाचायला आवडतं ना."

एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली.

रस्ताभर मी तिच्याकडे बघितलं नाही. चौकाजवळ रस्ता खणला होता. ती म्हणाली, "आई, इथे निसरडं आहे. हात धरा." मी धरला. घरापर्यंत सोडायचं मला सुचलं नाही, आणि तिनंही सोडवून घेतला नाही.

तिनं मला तिथे उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. एका क्षणात संपलं असतं आणि मला काही करावं लागलं नसतं. ती अशी का वागली हे मला कळत नाही. चारचौघांत घराची अब्रू जाऊ नये म्हणून असेल. तिचं काम तसंच आहे, ऐकायचं आणि मधे बोलायचं नाही.

घरी आल्यावर ती कामाला बसली. फटीत टॉवेल खोचल्याचा आवाज आला.

शनिवार, २९ मार्च

काल सकाळी मुलगा बूट घालत होता तेव्हा त्याला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर राहिलं असतं. मी वाचनालयात काय सांगितलं, त्या बघायला आल्या तेव्हा मिस्त्रीनं काय ऐकलं, त्यानं काय विचारलं आणि मी काय म्हणाले. आणि मग खिडकीत उभी राहून काय म्हणाले नाही.

त्यानं एक पाय बुटात, एक बाहेर, असं सगळं ऐकलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "आई, मी त्या माणसाला काकांसमोर बोललो."

"हो."

"त्याला ऐकू येतं की नाही असं म्हणालो."

"हो. मी ऐकलं."

सून दारात होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती फक्त म्हणाली, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" मी कुठे जाणार हे मी बोललेही नव्हते. मी नको म्हणाले.

मिस्त्रीचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. तो दारात बसून एका जुन्या स्टुलाला नवा पाय बसवत होता. बायको आत होती. त्यानं आत बोलावलं तरी मी गेले नाही. दारातच उभी राहून, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, चूक माझी होती. खोली माझी म्हणून तुम्ही ऐकलंत, मी नाही म्हटलं नाही. नंतरही गप्प राहिले."

त्यानं स्टूल हलवून बघितलं. डुगडुगत होतं.

"ते मला त्या दिवशीच कळलं, काकू. खिडकीत तुमचं तोंड बघितलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो," तो म्हणाला. "मग म्हटलं, जाऊ दे. माझी आई असती तर तिला तिच्या मुलासमोर उभी केली असती का मी?" मग आतून बायको म्हणाली, "आणि जिना गेला तो?" तो म्हणाला, "तू गप गं." ती म्हणाली, "का गप? मला चार दिवस सांगितलंस माझंच चुकलं म्हणून. मी तुला काय काय बोलले."

ती बाहेर आली. माझ्याकडे तिनं नीट बघितलं. पाणी दिलं नाही. मला ते बरोबर वाटलं.

तिथून मी शेजारच्या काकांकडे गेले आणि त्यांना आणि काकूंना तेच सगळं सांगितलं. काका म्हणाले, बघू. काकू दुसरीकडे बघत होत्या.

संध्याकाळी मुलगा मिस्त्रीकडे गेला. काय बोलले ते मला सांगितलं नाही. आज सकाळी मिस्त्री पेटी घेऊन आला.

सोमवार, ३१ मार्च

प्लगवरच्या फळ्या निघाल्या. एका ठिकाणी आतला पिवळा थर फाटला होता, तो त्यानं नवा भरला. टेबल वर चढलं. सून उभी राहिली, हाताचे कोपर टेबलावर टेकवून बघितले आणि म्हणाली, "बरोबर." दार लागलं. मी बाहेर उभी राहिले आणि ती आतून काहीतरी म्हणाली, ते मला अजिबात ऐकू आलं नाही. मिस्त्री म्हणाला, "बघा, काकू, म्हणालो होतो."

सून दार उघडून म्हणाली, "एक फळी त्या बाजूला राहू द्या, मिस्त्री. तिथे प्लग नाहीत. संध्याकाळी मी काम संपवल्यावर खोली रिकामीच असेल."

मी म्हणाले, "नको." मिस्त्रीनं आमच्या दोघींकडे बघितलं आणि फळी राहू दिली. माझं कुणी ऐकलं नाही.

काकांनी जिन्याचं अजून कळवलेलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

कालपासून तिचं काम सुरू झालं. सकाळी बाग ओलांडून गेली, दार लावलं. मी दिवसभर घरात हवी तशी फिरले, भांडी आपटली, नळ सोडला, कुणाला काही नाही. घर एवढं मोकळं असताना मला बसायला जागा सापडत नव्हती.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कुणाचं तरी काहीतरी ऐकलं असणार. मी विचारलं नाही. भात वाढला. तिनं जेवताना विचारलं, "उद्या गुरुवार ना? त्या येणार आहेत का इकडे?"

मी म्हणाले, "येणार आहेत असं त्यांना वाटतंय."

"मी काम लवकर संपवू शकते," ती म्हणाली. "एक दिवस खोली तुमची म्हणून दाखवली तर माझं काही जात नाही."

मुलगा ताटाकडे बघत होता. तिनं हे मनापासून म्हटलं, हे मला कळलं. म्हणूनच घास खाली जाईना. मी म्हणाले, बघू.

आता लिहिताना वाटतंय, हो म्हणावं. एक दिवसाचं तर आहे. चटई टाकायची, पहिलं पान मी वाचायचं. त्या खोलीत मी अडखळत नाही. आणि मग तिलाही माझ्यासाठी खोटं बोलायला लागेल, दर गुरुवारी.

शुक्रवार, ४ एप्रिल

काल मी वाचनालयात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. सगळ्या आल्या, चटया घेऊन. मी उभी राहिले आणि सांगितलं की खोली सुनेची आहे, तिच्या कामाची आहे, माझी कधीच नव्हती, आणि ती माझी आहे असं मी खोटं सांगितलं होतं. मग मी खाली बसले. मास्तरीणबाईंनी चटई बाजूला ठेवून पुस्तकं वाटली, पहिलीनं वाचायला सुरुवात केली, आणि माझी पाळी येईपर्यंत मी तिथेच बसले.